काल काय बदललं?

हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात तिला सगळे कालकायबाई म्हणत. तोंडावर नाही, अर्थात, तोंडावर मॅडम. पण हे नाव तिनं स्वतःच्या कष्टानं कमावलेलं होतं. विभागाचा डेटाबेस सांभाळणं हे तिचं काम. कोणाच्या रक्तात काय सापडलं आणि केव्हा सापडलं, ते सगळं जिन्याखालच्या थंडगार खोलीतल्या एका सर्व्हरवर असायचं, आणि त्या खोलीची किल्ली तिच्या पर्समध्ये. तक्रार घेऊन कोणी आलं की ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची, "काल काय बदललं?"

"काही नाही हो मॅडम."

"काही नाही म्हणणारा माणूस काहीतरी करूनच आलेला असतो."

आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. कोणी पासवर्ड बदललेला असायचा, कोणी टेबलफॅन लावायला तिच्याच मशीनचा प्लग काढलेला असायचा. नेहमी बरोबर असणं ही फार वाईट सवय आहे. एकदा लागली की सुटत नाही, आणि शेजारच्यांना तिचा त्रास जास्त होतो.

घरीही तेच. दूध उतू गेलं, नळ गळायला लागला, मुलाला सर्दी झाली, प्रश्न ठरलेला. एकदा नवऱ्याची पाठ धरली तेव्हा तिनं त्यालाही तोच प्रश्न घातला. पलंगावर आडवा पडल्या पडल्या तो म्हणाला, "काही बदललं नाही. पाठ तीच, पलंग तोच, बायको तीच. आता यातलं काय बिघडलं ते तूच शोध."

तिचा आणखी एक नियम होता आणि तो मात्र खरोखर चांगला होता: आधी लॉग वाचायचा, मग तोंड उघडायचं. सर्व्हर स्वतःशी पुटपुटत असतो. काय केलं, कुठे अडलं, ते एका फाइलमध्ये लिहीत जातो, तो लॉग. "मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," असं ती नव्या लोकांना शिकवायची. शिकवणाऱ्यानं स्वतःचा नियम पाळायचा असतो, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

तर या बाईच्या मुलानं एक दिवस घरी येऊन सांगितलं, की त्याला एक मुलगी आवडते आणि ती हॉस्पिटलच्या वायरमनची मुलगी आहे.

वायरमनला हॉस्पिटलात न ओळखणारा कोणी नव्हता. माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. "माझ्या हातची वायर जळायची नाही, एक वेळ इमारत जळेल," हे त्याचं आवडतं वाक्य. पेशंट ते ऐकून दचकायचे, पण कामाला माणूस चोख होता. इतकी वर्षं त्याचं आणि मॅडमचं बोलणं "अहो वायरमन, तो दिवा बघा" आणि "बघतो मॅडम" एवढंच. मुलांची बातमी फुटल्यापासून मात्र दोघंही एकदम शहाण्यासारखं वागायला लागले. जिन्यात गाठ पडली की ती म्हणायची, "आपण चहा घेतलात का?" तो म्हणायचा, "घेतला. आपण?" मग दोघंही आपापल्या बाजूला सुटकेचा निश्वास टाकायचे. अख्खा विभाग हा खेळ कौतुकानं बघत होता.

दोन्ही घरं पहिल्यांदा एकत्र बसायचा दिवस उजाडला. बसायचं होतं संध्याकाळी. सकाळी मात्र काम होतं. सर्व्हरच्या खोलीतल्या यूपीएसच्या बॅटऱ्या थकल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. वायरमननं आधी रीतसर सांगितलं होतं. तिनं स्वतःच्या हातानं सर्व्हर बंद केला, त्यानं बॅटऱ्या बदलल्या, तिनं सर्व्हर चालू केला. दिवे लागले, पंखे घरघरले, पण डेटाबेस काही उठेना.

तिनं पुन्हा हुकूम दिला. डेटाबेस क्षणभर उठला आणि आडवा झाला. पुन्हा दिला, पुन्हा आडवा. वर खिडकीपाशी पेशंटची रांग जिन्यापर्यंत आली. विभागाच्या डॉक्टरीणबाई खाली येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांना एका बाळंतिणीचे जुने रिपोर्ट लगेच हवे होते.

आता इथे लॉग उघडायचा. कोणाही नवशिक्याला तिनं हेच सांगितलं असतं. पण लॉग उघडायचा तर दोन मिनिटं शांत बसावं लागतं, आणि गुन्हेगार तर समोर स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता.

"काल काय बदललं?" ती म्हणाली.

"काल कशाला, आत्ताच बदलली की बॅटरी," वायरमन बिचारा हसून म्हणाला.

"अहो वायरमन, बॅटरी बदलायला सांगितली होती, सर्व्हर मोडायला नाही! कसल्या धसमुसळेपणानं वायरी ओढल्यात? डिस्क गेली असणार. वर माणसं ताटकळलीत, त्यांना तुम्ही उत्तर देणार आहात का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दारात डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागे दोन नर्स, जिन्यात रांगेतली माणसं. "आपण" कुठल्या कुठे पळालं. आणि ज्याचा आवाज दोन मजले ओलांडून जायचा तो वायरमन हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी वायर जोडतो. तुमच्या मशीनच्या पोटात मी हात घालत नाही." त्यानं पिशवी उचलली, लोकांमधून वाट काढली आणि निघून गेला.

थोड्याच वेळात मुलाचा फोन आला. "आई, तिच्या बाबांना काय बोललीस तू? ते म्हणताहेत, आजचं राहू दे. आजचं म्हणजे… सगळंच राहू दे, असं म्हणताहेत."

"मी? मी काही नाही बोलले," ती म्हणाली. काही नाही म्हणणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत आपल्याला माहीत आहेच. तिलाही ते होतं.

मग तिनं लॉग उघडला.

शेवटच्या ओळी अगदी सरळ होत्या. डेटाबेसनं उठल्या उठल्या मशीनकडे मेमरी मागितली होती, आणि मशीननं एवढी नाही म्हणून सांगितलं होतं. मशीनमध्ये मुळात होती त्याहून जास्त मेमरी तो मागत होता. डिस्क ठणठणीत, फाइली जागच्या जागी, वायरींचा काही संबंध नाही. प्रश्न एवढाच, की उठल्यावर एवढी मेमरी माग, असं त्याला सांगितलं कोणी? ते सेटिंग बदलायचा अधिकार या हॉस्पिटलात एकाच माणसाला होता, आणि ते माणूस कपाळावर चष्मा घेऊन खुर्चीत बसलं होतं.

तिला आठवलं. पार थंडीच्या दिवसांतली गोष्ट. डॉक्टरीणबाईंची तक्रार होती, की एका पेशंटचा जुना रिपोर्ट मागितला की चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी पडद्यावर काही येत नाही. तिनं घाईघाईत आधी डेटाबेसला मेमरी वाढवून दिली, आणि हात सैल सोडून दिली. हे सेटिंग असं आहे, की ते डेटाबेस पुढच्या वेळी नव्यानं उठेल तेव्हाच लागू होतं. त्याच दुपारी तिला खरं दुखणं सापडलं. पेशंटच्या क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे शोधायची सूचीच, नव्हता. एक माणूस शोधायला सर्व्हर सगळ्या गावाची दारं ठोठावत फिरत होता. तिनं इंडेक्स करून दिला, सर्व्हर पापणी लवायच्या आत उत्तर द्यायला लागला, सगळ्यांनी वाहवा केली. त्या वाहवेत मेमरीचा तो फुगलेला आकडा तसाच राहून गेला. त्यानंतर सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता, आणि "माझा सर्व्हर कधी बंद पडत नाही" हे ती ज्याला त्याला सांगत होती. चूक तेव्हापासून तिथेच बसून होती. सर्व्हर नव्यानं उठेपर्यंत तिला तोंड उघडायचं कारणच नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही वळसा एका भल्या माणसाच्या अंगावरून.

तिनं आकडा खाली आणला, हुकूम दिला. डेटाबेस उठला आणि उठून राहिला. वर रांग हलली. बाळंतिणीचे रिपोर्ट पडद्यावर आले. डॉक्टरीणबाई पुन्हा खाली डोकावल्या. "सुटलो बाई! वायरमनचीच गडबड ना? ऑफिसला कळवते मी, पुढच्या वेळी दुसरा कोणी बघा म्हणून."

झाकली मूठ सव्वा लाखाची असते. लॉग तिच्याशिवाय कोणी वाचणार नव्हतं. वायरमन निमूट गेला होता. नुसतं "हं" म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते "हं" तिच्या गळ्यापर्यंत आलंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "चूक माझी होती. मीच एक आकडा चुकीचा घालून ठेवला होता."

"काल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण मागच्या नर्सनं तोंडावर रुमाल धरला.

"काल नाही. केव्हाच."

सुट्टी झाल्यावर ती घरी न जाता तडक वायरमनच्या दुकानात गेली. दुकान कसलं, एक गाळा; हॉस्पिटलचं काम आटपलं की तो इथे पंखे दुरुस्त करत बसायचा. पाती काढलेले पंखे, तांब्याच्या तारेची रिळं आणि व्हार्निशचा उग्र वास. तो एका मोटारीला तार गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आकड्यासकट. मेमरी म्हणजे काय ते त्याला कितपत कळलं कोण जाणे, पण "चूक माझीच होती, आणि मी तुम्हाला दहा जणांत बोलले" हे कळायला काही अवघड नव्हतं.

"मला बोललात त्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "लोकांचे दिवे गेले की लोक मलाच शिव्या देतात. माझी कातडी आता केबलसारखी झालीय. पण माझी पोर तशी नाही. उद्या तुमच्या घरात तिच्या हातून काही फुटलं, काही बिघडलं, तर तिलाही असंच दहा जणांत उभं करून विचारणार का तुम्ही?"

आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारणारी बाई आज उत्तर द्यायला उभी होती. "माझी सवय वाईट आहे हो," एवढंच ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचं खापर तिनं मनातल्या मनात व्हार्निशवर फोडलं.

"सवय मलाही आहे, ओरडायची. पण मी पंख्यांवर ओरडतो."

"मग संध्याकाळी येताय ना आपण?"

"बघू," तो म्हणाला आणि पुन्हा तार गुंडाळायला लागला.

ते आले. वायरमन, त्याची बायको आणि मुलगी. तो कडक इस्त्रीच्या शर्टात खुर्चीच्या कडेवर बसला आणि विचारलं तेवढंच बोलला. बायको भिंतीवरचं घड्याळ बघत होती. मॅडमच्या नवऱ्यानं हवेबद्दल बोलून पाहिलं, पण हवाही फार वेळ पुरली नाही. मुलगा आतल्या खोलीत शर्टाला तिसऱ्यांदा इस्त्री करत होता. शेवटी मुलगीच उठली, "चहाचं मी बघते" म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि पुढच्याच क्षणाला खट्ट झालं. सगळं घर अंधारात.

स्वयंपाकघरातून बारीक आवाज आला. "मी… मी फक्त किटली लावली."

आतल्या खोलीत मुलानं अंधारातच इस्त्रीचा प्लग उपसला. नवऱ्याला माहीत होतं आता काय ऐकू येणार. मुलालाही माहीत होतं. वायरमनला तर सकाळपासून माहीत होतं. अंधारात त्याची खुर्ची करकरली. तो प्रश्न सवयीनं तिच्या जिभेवर येऊन उभा राहिला होता. तिनं तो गिळला. जड गेला, पण गिळला.

"तू काही नाही केलंस गं," ती म्हणाली. "आमचा बोर्डच जुना झालाय. कधीची बदलायचा म्हणतेय मी, राहूनच जातं."

"जुना?" नवरा म्हणाला. "अगं, परवाच तर आपण—" आणि मग "आई गं!" म्हणाला, कारण अंधारातही तिच्या कोपराचा नेम चुकला नव्हता.

वायरमन उठला. त्यानं खिशातला टॉर्च काढला, दाराजवळच्या स्टुलावर चढला आणि बोर्डाचं झाकण उघडलं. आत सगळं कोरं करकरीत. खटक्यांवरचा पारदर्शक कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता. बोर्डात काहीही वाईट नव्हतं. एका वायरवर इस्त्री आणि किटली दोन्ही लावल्यावर जे व्हायला हवं तेच त्यानं केलं होतं. वायरमननं टॉर्च त्या कागदावरून फिरवला. विजेच्या बाबतीत हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नव्हता.

"जुनाच आहे," तो म्हणाला, आणि त्याचा नेहमीचा मोठा आवाज घरभर घुमला. "पार गेलाय. उद्या येऊन बदलून देतो, विहीणबाई."

आणि त्यानं खटका वर केला.