दादूसाठी सोडलेला आंबा

ये गो, अशी जवळ बस. इतके दिवस तोंड दाखवलं नाहीस, आणि आता आलीस ती उंबऱ्यातच उभी — घाई आहे म्हणे. कसली गं घाई? चहा होईतो सांगते. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. देवापुढे तर नाहीच — का, ते कळेल तुला.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मावशी मात्र दिलेली खाली सावित्रीच्या खाडीत, तुडीलच्या पुढे, एका जुव्यावर. जुवा म्हणजे बेट — चहूकडे पाणी, मधे माड आणि मूठभर घरं. चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून महाडात माणसांना मारलं, त्या वर्षीचा उन्हाळा. मी मावशीकडे राहायला गेले होते. परत येताना मावशीच्या चंद्रीला घेऊन ये, असं आईनंच सांगितलं होतं.

चंद्री माझ्याच वयाची. जुव्याबाहेर कधी पडली नव्हती. रात्रंदिवस माझ्या मागे — डोंगर हाताला लागतो का गो? तुमच्याकडं भरती येत नाय, मग दिवस कसा कळतो? मी हसायचे. पण आतून — कसं सांगू? ती पोहायची, माडावर चढायची, सगळा जुवा तिला हाका मारायचा. मी काठावर बसलेली. मनात यायचं, हिला घरी नेली की आईही हिचीच होणार. आईच्या कुशीत हीच झोपणार. एवढंच होतं गं. एवढंच.

शेवटच्या दिवशी सकाळी ओहोटीबरोबर तांडेलाची होडी खाली चालली होती. मी एकटीच काठावर होते. त्यानं ओरडून सांगितलं, "पोरी, दुपारच्या भरतीला तयार ऱ्हा. बाप महाडच्या बंदरावर येतोय."

बस, एवढाच निरोप. घरी येईपर्यंत मी त्याला शेपूट जोडलं.

मावशीनं आढीतले आंबे काढले होते. चंद्रीनं तर गाठोडंही बांधलेलं. ती ओट्यावर आंबा चोखत बसली होती, कोपरापर्यंत रस. मी म्हटलं — तांडेल सांगून गेला, दादूला देवी आल्यात.

दादू माझा धाकटा भाऊ. त्या घडीला तो घरी अंगणात कोंबड्यांमागे धावत असेल.

हे कुठून सुचलं? कुणी शिकवलं? माझ्या दंडावर टोचल्याचे वण होते, चंद्रीच्या नव्हते — जुव्यावर टोचणारा यायचाच नाही. म्हणजे मी जाऊ शकत होते, ती नाही. हे मला कळत होतं. नीट कळत होतं. पोर होते म्हणून सुटायचं म्हटलं तर ते जमत नाही मला.

मावशीनं हात जोडले आणि गाठोडं सोडलं. चंद्री रडली नाही. हातातला अर्धा आंबा तिनं खाली ठेवला. म्हणाली, "दादू बरा होऊ दे. मी आंबा सोडला."

मावशी कळवळली. "अगो, यंदापुरता बोल!"

"बोलले ते बोलले."

दुपारी होडीत बसताना मावशी तांडेलाशी त्याविषयी चकार शब्द बोलली नाही. देवी घरात असताना आजाराचं नाव घ्यायचं नाही, आणि गेल्यावर तर विषयही काढायचा नाही — पुन्हा बोलावणं केल्यासारखं होतं. आमच्याकडची रीतच ती. त्या रीतीखाली माझं खोटं जन्मभर झाकून राहिलं. मागाहून, दादू बरा आहे, एवढा निरोप मीच पाठवला. खोटा तरी कसा म्हणू? आणि चंद्री का नाही आली, असं आईनं विचारलं, तेव्हा म्हटलं — ती म्हणाली, डोंगरात मला नाय करमायचं. आईला ते लागलं. तिनं पुन्हा बोलावलं नाही.

चंद्रीचं लग्न त्याच जुव्यावर झालं. मी उन्हाळ्यात जायचे. ती पोरांना आंबे पिळून द्यायची आणि रसाचा हात न चाटता धुऊन टाकायची. एकदा दादूच — चांगला मिशा फुटलेला — तिला म्हणाला, "अक्का, तू का नाय खात गो?"

"तुझ्या वाटणीला ठेवलाय रे," ती हसली. तोही हसला. मी तिथंच होते, ताटावर. माझ्या तोंडात घास होता.

बोलता आलं नसतं का? आलं असतं. शेवटी ती अंथरुणाला खिळली, काही पोटात ठरत नव्हतं, तेव्हाही. सुनेनं चमच्यात आंब्याचा रस धरला, तिनं ओठ मिटले आणि माझ्याकडे पाहिलं — जणू मी तिच्या नेमाची साक्षीदार. सून मला म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी सांगा." मी काय केलं? तिच्या हातातला चमचा घेतला आणि वाटीत ठेवला. सुनेला म्हटलं, नेम आहे तिचा, मोडू नको.

चंद्री गेली. डोंगर तिनं पाहिला नाही.

चहा निवला बघ तुझा. पुन्हा लवकर ये, एवढे दिवस लावू नकोस. माळ्यावर आढी घातली आहे, तू येशील तोवर पिकेल. मीही खाईन तुझ्याबरोबर. मला आंबा अजून गोड लागतो.