नागप्पाचं तिसरं बेट

माणिकरावांच्या घरात एक कॅलेंडर होतं. निळं पाणी, पांढरी वाळू आणि वाकून त्या पाण्यात तोंड बघणारे नारळ. साल उलटलं, तारखा शिळ्या झाल्या, पण धुरपताबाईंनी ते भिंतीवरून उतरवू दिलं नाही. "एकदा असल्या बेटावर नेऊन आणा," असं त्या दर दिवाळीला म्हणायच्या आणि तहसिलीत कारकून असलेले माणिकराव दर दिवाळीला लुगडं आणून वेळ मारून न्यायचे. जिंतूरहून समुद्र इतका लांब की तिथे जायच्या नुसत्या विचारात रजा संपायची.

त्या जोडप्याला, आणि आम्हा कमी पगाराच्या सगळ्याच हौशी मंडळींना, बेटं दाखवली ती नागप्पाने. येलदरीच्या धरणात त्याचं गाव बुडालं, पण भोवतालच्या तीन टेकड्यांची डोकी पाण्यावर राहिली. एष्टी स्टँडवर उभा राहून तो हाळी द्यायचा, "चला बेटावर! आठ आण्यात तीन बेटं! भाकर-पिठलं त्यातच!"

होडी त्याने एका भोयाकडून जुनी घेतली होती. नागप्पा लिंगायत, घरात सात पिढ्यांत मासळी शिरलेली नाही. त्याने होडी राखेने घासली, गोमूत्राने धुतली, पुढच्या टोकाला विभूतीचे तीन पट्टे ओढले. तरी वास जाईना. शेवटी तो नाकावरून उपरणं बांधून वल्हवायचा. दरोडेखोराने यात्रा काढावी तसं ते दिसायचं.

पहिल्या बेटावर उतरल्याबरोबर धुरपताबाईंनी विचारलं, "अप्पा, नारळ कुठाय?"

"लावलाय की, वैनी. त्यो काय."

गोडेतेलाच्या डब्यात एक वाळकी काडी उभी होती.

"अहो, मेलाय तो!"

"मेला न्हाई. ऊन लागलं म्हणून गप हाय."

दुसऱ्या बेटावर दगड होते आणि ते पाहण्यासारखे आहेत असं नागप्पाचं म्हणणं होतं. तिसरं बेट मात्र खरंच त्याचं. बुडालेल्या शेताचा वरचा तुकडा. तिथे आमच्यासमोर भाकरी मांडून तो बाजूला जायचा, बेल घेऊन. तिथे त्याची बायको सिद्धम्मा होती.

त्यांच्यात माणूस जाळत नाहीत. तळहातावर लिंग ठेवून, मांडी घालून बसवतात आणि मातीआड करतात, बहुधा आपल्याच शेतात. सिद्धम्मा तापाने गेली तेव्हा धरणात पाणी येऊन दोन पावसाळे झाले होते. धरणावरच्या एका म्हाताऱ्या मुकादमाने सांगितलं, "अप्पा, तिथं नको. पाणी अजून वर येईल." त्यावर सगळे सोयरे हसले. आमचा मुलूखच असा की भरलेलं काही कुणी पाहिलेलं नाही. विहीर अर्धी असली तरी आम्ही तिला तुडुंब म्हणतो. त्या सवयीने साऱ्यांनी अर्धं धरण पाहिलं आणि एकमुखाने ठरवलं, भरलं. नागप्पाही त्यात होता. मग बहात्तरच्या दुष्काळात टेकडीवर कोरड्या पायांनी जाता येऊ लागलं, तेव्हा तर मुकादमाची आणखीच टिंगल झाली.

पुढे पाऊस आला, पाणी परत चढलं. सोमवारी बेल वाहायचा तर होडी हवी, आणि एकट्यासाठी होडी परवडेना. म्हणून हा बेटांचा धंदा. आम्ही सहलीला जात होतो. तो घरी जात होता.

त्या पहिल्या फेरीत धुरपताबाई दमून समाधीजवळच्या दगडांच्या गोलात बसल्या. नागप्पा धावत आला.

"वैनी, उठा! ती माझी जागा हाय."

"मग बसा की तुमी. मी काय धरून ठेवलीय?"

"मीच धरून ठेवलीया. एष्टीत रुमाल टाकतेत, तसं. बसणार हाय, पर टाइम हाय अजून."

धुरपताबाई हसता हसता उठल्या, आणि मग कळलं तेव्हा त्यांचं हसू तोंडातच राहिलं.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात धरण भरलं. खरं भरलं. जिंतूरहून गाड्या भरभरून लोक बघायला गेले, पेढे वाटले. काठावर नागप्पा एकटा उभा. मेहुणे म्हणाले, "अप्पा, अजून वेळ हाय. टेकडी बुडायच्या आत अक्काला काढू, वरच्या माळावर बसवू."

"एकदा बसलेल्या माणसाला उठवतेत का?" एवढंच तो म्हणाला. रोज होडीने जाऊन समाधीभोवती दगड रचत राहिला. एक दिवस दगड ठेवायला टेकडीच उरली नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा तो माणिकरावांच्या दारात आला. हाळी नाही, काही नाही. "वैनीला घेऊन चला, मालक. त्या बसल्या हुत्या तिथं. त्यांनाच ठावं असंल."

तिसरं बेट वर आलं होतं, पण लाटांनी माती खरवडून नेली होती. समाधी नाही, गोल नाही. उघडा काळा खडक, वर शेवाळाची वाळलेली पापुद्री.

"बसा बरं वैनी, त्या दिवशी बसला हुता तशा."

धुरपताबाई एके ठिकाणी बसल्या. मान हलवून उठल्या. दुसरीकडे बसल्या. समोर धरणाची भिंत दिसत होती की डावीकडे, ऊन पाठीवर होतं की तोंडावर, काही आठवेना. लुगडं सावरत, रडत, बाई त्या एवढ्याशा बेटावर उठत-बसत राहिल्या आणि नागप्पा बेल मुठीत धरून त्यांच्या मागे फिरत राहिला. माणिकराव पाण्याकडे तोंड करून उभे होते. शेवटी बाईंना त्याच्याकडे बघवेना.

"इथंच, अप्पा," त्या म्हणाल्या. "आठवलं मला. इथंच."

नागप्पा खाली बसला. त्याने जमिनीवरून तळहात फिरवून पाहिला.

"हितं तर सगळा खडक हाय, वैनी," तो हळूच म्हणाला. "हितं आमी कसं खांदलं असंल?"

बेल कुठे ठेवावा ते त्याला ठरवता येईना. तो मुठीतच राहिला. परत निघताना त्याने पानं होडीच्या तळाशी ठेवली आणि वल्ही हातात घेतली. उपरणं खांद्यावरच होतं. नाकाला बांधायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.