खुशालरावांचा सातवा नियम

निम्मी ओसरी सारवून झाली होती, निम्मी व्हायची होती, तेवढ्यात खुशालराव भाऊजी बूट घालून ओल्या सारवणावरून थेट माजघराच्या दारापर्यंत आले. मार्गशीर्षातला गुरुवार. जिथे लक्ष्मीचा पाट मांडायचा तिथेच त्यांच्या बुटांचे ठसे. मी शेणाचा हात तसाच धरून पाहत राहिले. त्यांनी खाली पाहिलं नाही. खाली पाहायची सवय त्यांनी कधीच सोडली आहे.

"वहिनी, रविवारी बावीस माणसांचं जेवण. परदेशी पाहुणे आहेत, तेव्हा आपला झुणका-बिणका नको."

"पाहुणे कुठले?"

"सिलोन."

म्हणजे लंका. रामरायाला सेतू बांधावा लागला, हे आगगाडीनं येणार.

भाऊजी म्हणजे आमच्या यांचे सख्खे धाकटे भाऊ. जन्म भातकुलीचा. बारा वर्षांचे होईपर्यंत काळ्या मातीत बैलांमागं उघड्या पायानं फिरले. मग अमरावतीला शिकायला आले, दोनदा मॅट्रिकला बसले, दोन्हीदा उठून आले आणि एका वकिलाकडे कारकुनीला लागले. त्या वकिलानं एका उन्हाळ्यात त्यांना कागदपत्रं सांभाळायला चिखलदऱ्याला नेलं. तिथे एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात ते दोन रात्री झोपले. आत नाही, व्हरांड्यात. खाली उतरले ते वेगळेच माणूस होऊन. तेव्हापासून भातकुलीचं नाव घेत नाहीत. कुणी विचारलं तर "आमचं तिकडे थोडं लँड आहे" म्हणतात. ते लँड आमचे हे नांगरतात आणि त्याची तूर भाऊजी खातात.

सहा वर्षांपासून ते इथल्या तरुणांच्या एका फुटबॉल क्लबाचे चिटणीस आहेत. त्यांचा पाय चेंडूला लागलेला मी काही पाहिला नाही. चेंडू मात्र त्यांना एकदा लागला, कानावर. त्या पोराला त्यांनी महिनाभर मैदानात येऊ दिलं नाही.

यंदा कोलंबोच्या पोरांचा एक क्लब हिंदुस्थानात सामने खेळत फिरतो आहे असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि पत्रावर पत्र टाकून त्यांना बडनेऱ्याला उतरवलं. अकोल्याचा एक संघ घेतला, आपला एक, आणि हैदराबादचा एक. हैदराबाद परदेश धरायचं की घर, यावर क्लबात दोन तास खल झाला, कारण कागदोपत्री वऱ्हाड निजामाचं. शेवटी पत्रकात छापलं : 'तीन राष्ट्रांचे तरुण'.

हे सगळं पोरांसाठी नव्हतं. शकुन, म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, तिनं मला भाजी निवडता निवडता खरं काय ते सांगितलं.

"जाऊबाई, त्याइले रावसाहेब व्हायचं हाय. अंतिम सामन्याले जिल्ह्याचे मोठे साहेब येऊन राहिले. नागपुरास किताबाची नावं त्याइच्याच हातानं जातेत म्हने."

"मग?"

"मग काय. रोज एका पाकिटावर आपल्याच नावामागं 'रावसाहेब' लिहून पाहतेत, अन् चुलीत टाकतेत. मले चूल पेटवाले कागद शोधा लागत नाई."

आम्ही दोघी हसलो. हसल्याबद्दल मी संध्याकाळी देवीची क्षमा मागितली. तरी हसू काही जाईना.

साहेबापुढं सगळं कसं झोकात व्हावं म्हणून भाऊजींनी बारा नियम छापून घेतले होते. सातवा असा : कोणीही खेळाडू अनवाणी मैदानात उतरणार नाही, उतरल्यास सामना थांबवला जाईल. आमच्या पोरांनी जन्मात बूट घातलेला नाही. तर कामठीहून पलटणीचे जुने बूट आणवले. ते एवढे मोठे की पुढे कापूस कोंबून घालावे लागले. वऱ्हाडात कापसाला तोटा नाही, अकलेला असू शकतो.

लंकेची पोरं शनिवारी सकाळीच हैदराबादला हरवून मोकळी झाली, आणि आपल्यांनी अकोल्याला हरवलं. म्हणजे रविवारी आपली आणि त्यांची गाठ. शनिवारीच दुपारी भाऊजींना दिसलं की मैदानावर धूळ फार उडते, आणि साहेबांची विजार पांढरी असते. त्यांनी पाण्याच्या गाड्या बोलावल्या.

त्या वेळी पुंजाराम माळी मंडपाला लावायच्या झेंडूच्या माळांचं माप घ्यायला आला होता. तीस वर्षं आम्हाला भाजी आणि देवाची फुलं घालतो. माझ्या हातच्या फराळाचा डबा पोचवायला मीही तिथेच होते, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

"भाऊसाहेब, पानी नका मारू जी," पुंजाराम म्हणाला. "काळी हाय. मारलंच तं दोन दिस खेळू नका. वाफसा येऊ द्या."

वाफसा म्हणजे ओल्या जमिनीतलं पाणी मुरून माती अशी होणं, की पाय टाकला तर पायाला धरत नाही. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. बैलही ओळखतात, वाफसा नसला तर शेतात शिरत नाहीत.

"तुला फुटबॉलमधलं काय समजतं?" भाऊजी म्हणाले.

"फुटबालातलं काईच नाई समजत. मातीतलं समजते."

"हे शेत नाही, ग्राउंड आहे."

पुंजारामनं मैदानाकडे पाहिलं, मग भाऊजींच्या बुटांकडे. "मातीले कोन सांगन?" म्हणाला आणि माळ मोजायला लागला.

रविवारी वरून पापडासारखी कोरडी पोपडी धरली होती. भाऊजी तीनतीनदा येऊन ती छडीनं ठोकून गेले. आम्हा बायकांना कनातीमागं बसवलं होतं. कनातीला जागोजाग फटी होत्या, त्यामुळे काही अडलं नाही. साहेब आले. भाऊजींनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि हात तसेच जोडून उभे राहिले, जणू कुणी सोडायला सांगेपर्यंत ते सुटणार नव्हते.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग पोपडी फुटली. पोरांच्या बुटांना माती धरू लागली, मातीला माती, आणि बघता बघता एकेकाच्या पायाला पायलीपायलीचे गोळे. पळायचं सोडा, पाय उचलायला हाताची मदत लागू लागली. चेंडू मधे पडलेला आणि बावीस पोरं त्याच्याकडे बघत उभी. आमच्या पोरांपैकी एकाचा पाय बुटातून निघून आला, बूट तिथेच राहिला.

तेव्हा लंकेवाल्यांचा कप्तान, सतरा वर्षांचं काळंसावळं हसरं पोर, खाली बसला. त्यानं दोन्ही बूट काढून रेषेबाहेर भिरकावले. त्यांची दहाही पोरं तशीच बसली. समुद्राच्या वाळूत अनवाणी खेळून वाढलेली पोरं ती, हे मागाहून जेवताना त्यांनीच सांगितलं. मग आमचीही बसली. बूट भराभर बाहेर पडू लागले आणि सगळी एकदम सुटली. चेंडू इकडून तिकडे, माणसं उठून उभी. शकुन माझा दंड धरून म्हणाली, "आता कुठी खेळ चालू झाला, जाऊबाई."

तो पाच मिनिटंही चालला नसेल. भाऊजी हातात नियमांचा कागद घेऊन मैदानात शिरले आणि पंचाला शिटी वाजवायला लावली.

आमच्या संघाचा कप्तान सूर्यभान, अकोटकडचा, धीट. त्यानं विचारलं, "काहून थांबवलं जी?"

"नियम सातवा. साहेबांसमोर अनवाणी? जंगली आहात का? बूट घाला."

"साहेबाले चालून राहिलं, तुमाले काहून चालत नाई? टाळ्या वाजवत होते थे."

"साहेब सभ्य आहेत म्हणून बोलत नाहीत."

"मंग त्याइलेच इचारा. थे पाहा, तेच येऊन राहिले."

खेळ का थांबला हे कळेना, म्हणून साहेब खरोखरच मंडपातून उतरून येत होते. "खेलने दो, खेलने दो," असं लांबूनच म्हणत होते. भाऊजी त्यांच्याकडे धावले. धावले म्हणजे ढेकळं उचलत चालले. साहेब चौथ्या पावलाला अडकले. पाय वर आला तो पांढऱ्या मोज्यासकट, बूट काळीत राहिला. भाऊजी तो उपसायला वाकले आणि पालथे पडले.

कुणी मोठ्यानं हसलं नाही. साहेब एका पायावर लंगडी घालत मोटारीपर्यंत गेले, आणि मोटार गेली. बूट शेवटी पुंजारामनं कोपरापर्यंत हात घालून काढला आणि भाऊजींच्या हातात दिला. ते तो छातीशी धरून उभे राहिले. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं पोरांनी सामना पुरा केला. दोन विरुद्ध एक, लंका जिंकली. माघारी जाताना ती पोरं आमच्याकडे जेवली, आणि स्टेशनवरून आणवलेला पाव बाजूला सारून झुणका दोनदा मागितला.

आज सोमवारी सकाळी भाऊजी आले. या खेपेला बूट बाहेर काढून आले, म्हणून मला वाटलं की काही शिकले असतील. तर विहिरीवर बसून त्यांनी तो साहेबाचा बूट नारळाच्या शेंडीनं घासला, नंतर देवघरात गेले आणि दिव्यासाठी ठेवलेलं तेल बोटावर घेऊन त्यावर चोळू लागले.

"भाऊजी, ते देवाचं आहे."

"दोन थेंब, वहिनी. विचार करा, कालचा सामना नीट झाला असता तर साहेब हार घालून गेले असते, संपलं. आता बूट माझ्याकडे आहे, म्हणजे भेट नक्की. बंगल्यात आत जायला मिळेल."

"त्यांच्या शिपायानं दारातच घेतला तर?"

भाऊजी बूट उन्हात धरून त्यात तोंड दिसतं का ते पाहत राहिले. मग शकुनचा धुवट रुमाल मागून घेतला. उजव्या पायाचा तो बूट त्यात बांधून ते आता कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यावर द्यायला निघाले आहेत.