मांजरपाटाची पट्टी

नागपुरात पोट अनेकांनी कमावलं, पण कमावलेलं पोट स्वकष्टाने परत करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते माझे साडू आहेत याचा मला आजही गर्व वाटतो.

साडू माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसण्यात त्यांचा जन्म गेला. पोट एवढं पुढे की त्यावर अर्धं थान पसरून दाखवता यावं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी साखर तपासायला लघवीत निळं औषध घालून नळी उकळली, तर रंग झाला विटकरी, म्हणजे साखर भरपूर. "तीन महिन्यांत पोट उतरवा, नाहीतर रोज सुई," डॉक्टर म्हणाले. देवीची लस टोचणारा गल्लीत दिसला की साडू थानांमागे लपत. त्यांना ही शिक्षा फाशीपेक्षा मोठी वाटली.

त्यांनी जोर-बैठका सुरू केल्या. आखाड्यात जायची लाज, म्हणून बैठका दुकानातच आणि जोर घरी. घडी केलेल्या प्रत्येक थानामागे एक बैठक, आणि गिऱ्हाईक काही न घेता गेलं की दोन. पुढेपुढे चिकित्सक बायका आल्या की हे खुलू लागले. जमिनीवर जोर काढताना छातीआधी पोट टेके, म्हणून आधी घरच्या भिंतीला हात लावून, मग गादीच्या काठावर, शेवटी जमिनीवर. "अजी, भिंत पडून राहिली का? धरून काहून ठेवली?" मेहुणीबाई विचारत.

पोट मोजायला त्यांनी पहिल्याच दिवशी दुकानातल्या कोऱ्या मांजरपाटाची पट्टी बरोबर घेराएवढी कापली होती. ती पोटाभोवती टाचणीने जोडूनच ते घाम गाळत, आणि मेहुणीबाई ती रोज धूत. तीन महिने भरले तेव्हा ते माझ्याकडे येऊन मटकन बसले. पट्टीची टोकं पहिल्यासारखीच जेमतेम जुळत होती.

"बोटभरही हाललं नाही गा. आता मले सुई टोचतीन." त्यांचे डोळे भरले होते.

मला वाईट वाटलं, पण नजर त्यांच्या धोतरावर गेली. "अहो, मग निऱ्या इतक्या कशा वाढल्या?"

ते चमकले. पट्टी वितीने मोजली. कापली होती त्यापेक्षा चांगली चार बोटं कमी! कपाळावर हात मारून म्हणाले, "कोरा माल धुतला का आटते, हे मी साऱ्या गावाले सांगतो गा!"

दुसऱ्या दिवशी नळीतला रंग निळाच राहिला. डॉक्टरांच्या आधी हेच ओरडले, "पक्का रंग हाय, साहेब!" सुई टळली. मी आठवडाभर कचेरीत सगळ्यांना ही हकिगत सांगत होतो, जणू बैठका मीच काढल्या होत्या.

त्याला आता वीस वर्षं होत आली. साडूंचे गुडघे थकले, आणि पोट माझं सुटलं. रोज सकाळी ते येतात, खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "तू बस-ऊठ गा, मी मोजून राहिलो." हल्ली ते मधेच आकडा विसरतात आणि पुन्हा एकपासून सुरू करतात. मीही पुन्हा एकपासून काढतो.