मोर गिरवला त्या दिवशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय नाही — पण तोंडानं बोलणं त्याहून अवघड.

माझा मुलगा सुहास इथे ऑकलंडला छापखान्यात डिझाइनचं काम करतो. त्याच्याकडे एक जाडजूड जुनं पुस्तक आहे — व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज संपादकाच्या मासिकाचे अंक, एकत्र बांधलेले. चित्र म्हणजे मजकुरामधली भरती नव्हे, उशीच्या अभ्र्यावरची नक्षीसुद्धा कलाच, असं तो संपादक जन्मभर मांडत राहिला म्हणे. सुहासनंच सांगितलं. मला किती बरं वाटलं होतं! अभ्र्यांवर तर मी भरतकाम करतेच.

त्यातला एक मोर मला अभ्र्यावर भरायला हवा होता. मागितला असता तर सुहासनं कॉपी काढून दिली असती. पण मला मागवत नाही — पोटच्या मुलाकडेही नाही. पानावर पातळ कागद ठेवून मी बॉलपेननं मोर गिरवला. हात जड माझा. कागद उचलला तर खाली खोल चरे, पिसाऱ्यापाशी पान फाटलेलं. तेव्हा आठ वर्षांची असलेली माझी नात ईरा दारातून बघत होती. “उप्स, आजी!” म्हणून हसली.

संध्याकाळी सुहासनं ते पान पाहिलं. लाथेसरशी खुर्ची भिंतीवर आदळली. “कुणी केलं हे?”

ईरानं माझ्याकडे पाहिलं. “टेल हिम, आजी.”

मी काय सांगितलं? मी म्हणाले — हिनंच.

त्यानं तिला कान धरून फरफटत आणलं. टेबलाच्या कडेवर तिचं कपाळ आपटलं. मग स्टीलची फूटपट्टी उचलली. “आई, धर तिचा हात.”

सून फार्मसीत ड्युटीवर होती. ती आल्यावर आम्ही सांगितलं, पळताना पडली, हात दारात चेंगरला. ईराही तेच म्हणाली. आता ती एकोणीस वर्षांची आहे. “पुस्तकफाडी आली गं,” असं बाप अजून चिडवतो. ती नुसती हसते. माझं नाव घेत नाही. का घेत नाही? — मी विचारलेलं नाही.

खरं सांगायचं ते अजून राहिलंच. तिचा हात मी दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला होता. चौथ्या फटक्याला बोट फुटलं, रक्त माझ्या बांगड्यांवर उडालं. ती हात सोडवायला धडपडत होती. आठ वर्षांच्या मुलीत जोर तो किती असणार? मी सोडला नाही.