डबक्यातलं देवभात

चाकणच्या पश्चिमेला, भामा नदीच्या अंगाला आमचं एकच भातखाचर उरलं आहे. तिन्ही बाजूंनी गोदामं झाली, दिवसभर कंटेनरची ये-जा. तरी सासूबाईंनी खाचर सोडलं नाही. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांच्या सासूकडून आलेलं घरचं बी त्या कणगीत जपून ठेवत. विकतच्या बियावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माझ्यावरही नव्हता. माझं माहेर मराठवाड्यातलं, ज्वारीचं. भाताचं रोप कोणतं आणि गवत कोणतं, हे कळायलाच मला एक पावसाळा लागला.

लग्नानंतरच्या पहिल्या पेरणीला कणगीतून बी मी काढून दिलं. संध्याकाळी आत्यांना कळलं की माझे ते दिवस आहेत. त्या साली खाचरात काही ताटं वेगळीच निघाली. कुसळ लांब, दाणा लाल, आणि पिकायच्या आत हात लागला की सगळं चिखलात गळणार. "बी बाटलं," आत्या म्हणाल्या. "त्या दिवसांत हात लावला न्हवं का तू?" अशी ताटं आधीही निघत असतील, पण आधी घरात सून नव्हती. नवरा खाली मान घालून जेवत राहिला. सगळ्यांशी पटवून घ्यायचं, हा त्याचा मोठा गुण.

खाचराच्या वरच्या अंगाला एक डबकं होतं. त्यात देवभात उगवायचं, न पेरता, आपोआप. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून आत्या ते जपत. दाणा गळू नये म्हणून लोंब्या एकत्र बांधून ठेवत आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत दाणे डब्यात. उपास कशाचा, तर त्या दिवसांत झालेल्या शिवाशिवीचं पाप फिटावं म्हणून. मीही तो उपास करायची आणि तो तांबडा भात मुकाट गिळायची.

लाल दाणा वर्षागणिक वाढत गेला. लोंबी येईपर्यंत तो हुबेहूब आपल्या भातासारखाच दिसतो, मग तण म्हणून बेणून काढायचं तरी काय? शेवटी राजगुरुनगरहून आलेल्या कृषी सहायकांनी जांभळ्या पानांचं भात लावायला सांगितलं. जांभळं ठेवायचं, हिरवं दिसेल ते उपटायचं. ते बी आत्यांनी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलं आणि मला शिवू दिलं नाही. दोन वर्षं खाचर स्वच्छ राहिलं, आणि आत्यांनी ते गावभर सांगितलं. मग जांभळ्या पानांची ताटंच लाल दाणा गाळायला लागली.

कृषी सहायक पुन्हा आले, डबकं बघून थबकले. म्हणाले, "ह्याचा आणि तुमच्या भाताचा फुलोरा एकाच वेळी येतो. पराग वाऱ्यावर इकडून तिकडे जातात. हे तण दोघांचं मिळून झालंय. रंग तुमच्या भाताचा, गळायची खोड ह्याची." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. विटाळाचं पाप फेडायला जपलेल्या भातानंच बी बाटवलं होतं, आणि इतकी वर्षं बोलणी मी खाल्ली होती.

"आत्या, डबकं साफ करू," मी म्हणाले.

"देवाचं हाय ते. देव कशाला बाटवंल?"

मला उपटून फेकायला त्या एका पायावर तयार होत्या, देवभाताला मात्र हात लावायचा नाही.

त्याच पावसाळ्यात माझ्या मुलीची पाळी सुरू झाली. आत्यांनी तिला कोपऱ्यात बसवलं आणि खाचराकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं. माझं डोकं फिरलं. कुरुळीच्या कंपनीतली शिफ्ट बुडवून मी डबक्यात गुडघाभर उतरले आणि देवभात मुळासकट उपटून काढलं. आत्या बांधावर बसून छाती बडवत होत्या. मला जराही वाईट वाटलं नाही. उलट ओरडून सांगितलं, "पुढच्या साली लाल दाणा आला, तर माझाच विटाळ समजा!"

पुढच्या साली आत्यांनी हट्टानं पुन्हा घरचं बी पेरलं. दाणा लालच गळाला.

मी कृषी सहायकांना फोन केला. ते म्हणाले, गळालेलं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आणि तुमच्या घरच्या बियातही ते आता मुरलेलं असणार, नुसतं डबकं उपटून भागत नाही. हे आत्यांना सांगायला गेले, तर त्यांनी कानावर हात ठेवले. शब्द मीच दिला होता ना.

त्यांनी चिखलातले लाल दाणे वेचून पदरातून आणले आणि ओट्यावर ओतले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलगी दप्तर घेऊन शाळेला निघाली होती, तिच्याकडे बघून म्हणाल्या, "आता दोघी झाल्या."

मी मुलीला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. ती म्हणाली, "आई, मी तर खाचराकडे गेलेच नव्हते गं."