अक्कांचा मासा आणि साडूंचा उजेड

माझ्या थोरल्या साडूंच्या मते जगात जे काही बिघडलं आहे, ते दिवा चुकीच्या जागी लावल्यामुळे बिघडलं आहे. भिंगारला वायरमनची नोकरी करून ते निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात, मग माणसांकडे. आमच्या वास्तुशांतीला गुरुजी संकल्प सांगत होते आणि हे स्टुलावर चढून हॉलचा दिवा सरकवत होते. "पाव्हणं, गुरुजींची सावली पोथीवर पडतीया," एवढंच म्हणाले. गुरुजींनीच मान डोलावल्यावर मी काय बोलणार?

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का. साखरेच्या आजाराने त्यांची नजर पार अधू केली. टीव्ही सुटला, निवडणंटिपणं सुटलं आणि बडबड्या अक्का दिवसभर गप्प बसायला लागल्या. साडूंनी मग टेबलावर मावेल एवढी काचेची पेटी आणली, तिच्यात एक लाल फायटर मासा सोडला आणि एवढा मासा तरी हिला दिसलाच पाहिजे, असा हट्ट धरला. त्यापायी वर्षभर एलईडीच्या पट्ट्या कापल्या आणि पेटीच्या झाकणाला चिकटवल्या. पांढरी लावली तर पाण्यात शेवाळ माजलं, निळी लावली तर मासा काळवंडला, आणि सगळ्या एकदम लावल्या तेव्हा तो बिचारा दोन दिवस दगडामागून बाहेर आला नाही. मी यथेच्छ चेष्टा केली. प्रत्येक पट्टीला साडू विचारायचे, "दिसतोय का गं?" आणि अक्का म्हणायच्या, "दिसतोय की. लई छान दिसतोय."

पण टेस्टर लावल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवणारा हा माणूस नव्हे. एकदा माझ्यादेखत त्यांनी चहाच्या गाळणीने मासा धरला, तांब्यात टाकून स्वयंपाकघरात ठेवला आणि रिकाम्या पेटीशी येऊन तेच विचारलं. "दिसतोय की," अक्का म्हणाल्या, "बघा कसा मजेत पोहतोय."

साडूंनी मासा परत सोडला आणि पायरीवर येऊन बसले. "पाव्हणं, माझ्यासाठी बोलती ती. तिला काय बी दिसत न्हाई." वर्षभर केलेल्या चेष्टेची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर झाकणाच्या साऱ्या पट्ट्या निघाल्या होत्या. एकच पट्टी पेटीच्या मागे, तिच्यावर बटर पेपर. मागे सगळा मंद उजेड आणि पुढे माशाची नुसती काळी आकृती. "अहो, रंगच गेला की," मी म्हणालो. "जाऊ द्या," साडू म्हणाले. या खेपेला त्यांनी अक्कांना काही विचारलं नाही. आम्ही चहा घेत बसलो. बऱ्याच वेळाने अक्का म्हणाल्या, "अहो, ह्याची शेपटी कशानं फाटली?"

साडू कप ठेवून पेटीशी वाकले. "गाळणीत अडकली," ते म्हणाले.

"चहाच्या गाळणीनं धरला? मासा काय चहापत्ती हाय व्हय?" आणि अक्का जे सुरू झाल्या ते थांबेचनात. मी वर्षभराने त्यांचा तो आवाज ऐकत होतो. साडू खाली मान घालून सगळं ऐकून घेत होते. मासा कशासाठी धरला होता, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही अजून सांगितलेलं नाही.